आवडती ध्वनिमुद्रिका आणि आयुष्याचे वळण

प्रश्न : माझा मुलगा एकच गाणे, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घेऊन बसतो. अशा आवडीने आयुष्याला खरोखर वळण लागते, की हा निव्वळ कालापव्यय?

उत्तर : यास कालापव्यय म्हणण्यास मी मुळीच राजी नाही. पुढे थोर गायक झालेल्या गदगच्या भीमसेन जोशी या बालकाने गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली; त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. परंतु तेवढ्या अल्पावधीत त्या सुरांनी त्याच्या अंतःकरणाचा असा कबजा घेतला की, १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ त्याने गृहत्याग केला, आणि अखेरीस ज्यांच्या चरणी तो स्थिरावला, ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य होते.

ग्रंथाचेही तसेच. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत रस्किनचा ‘अन्टू धिस लास्ट’ वाचला, आणि त्यातील विचारांनुसार त्याच वर्षी त्यांची फिनिक्सची वसाहत उभी राहिली. आपल्याच खोलवरच्या श्रद्धांचे प्रतिबिंब त्यात दिसले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. माझ्या मते आवडीचे मर्म हेच : ती बाहेरून काही लादत नाही, अंतरी सुप्त असलेल्यास जागे करते.

तेव्हा मुलास मनाई करू नका. गाण्यातील कोणत्या जागेपाशी तो थबकतो, पुस्तकाचे कोणते पान पुन्हा उघडतो, याची आस्थेने विचारपूस करा, आणि जमल्यास त्याला गाण्याच्या एखाद्या बैठकीस घेऊन जा.