'फक्त 300 नग!' : लिमिटेड एडिशन मूर्ती, संख्या आणि किंमत



इयत्ता : चौथी व पाचवी
विषय : गणित व परिसर अभ्यास
तासिका : दोन
साहित्य : चिंचोके, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, रंगवलेला एक खडा, वही

हा पाठ का घ्यावा लागला

चौथीत आपण शिवचरित्र शिकवतो. त्या वर्षी मुलं अगदी महाराजमय होऊन जातात. आमच्या इंदापूर तालुक्यातल्या शाळेत दिवाळीनंतर एक बाबा मला भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजवा आता त्याला. गल्ला फोडून बसलाय."

मुलाच्या गल्ल्यात जत्रेचे, पाहुण्यांनी दिलेले, असे 2,350 रुपये जमले होते. त्याला मोबाईलवर दिसलेली महाराजांची अश्वारूढ मूर्ती हवी होती. किंमत 6,000 रुपये. खाली लिहिलेलं, "लिमिटेड एडिशन, फक्त 300 नग, बुकिंग आज रात्रीपर्यंत." उरलेले पैसे बाबांनी घालावेत असा त्याचा हट्ट. बाबांचं डाळिंब त्या हंगामात पडेल भावानं गेलेलं. पण महाराजांच्या मूर्तीला नाही कसं म्हणायचं, हाही प्रश्न होताच.

मला त्याला हसता येईना, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अशीच एक मूर्ती 4,200 रुपयांना घेतली होती. बैठकीखाली '212/500' असा आकडा आणि सोबत प्रमाणपत्र. सहा महिन्यांनी त्याच साच्यातली मूर्ती दुसऱ्या रंगात आली, पुन्हा 500 नग. मग लहान आकारात आली, 1,800 रुपयांना. प्रमाणपत्र खोटं नव्हतं. माझ्या रंगाचे, माझ्या आकाराचे 500च निघाले होते. मी विचारलंच नव्हतं की 500 म्हणजे नक्की कशाचे 500.

म्हणून ठरवलं, एका मुलाला समजावण्यापेक्षा सगळ्या वर्गाचाच पाठ करू.

कृती 1 : चिंचोक्यांचा बाजार

बाल आनंद मेळाव्यामुळे मुलांना खरेदी-विक्री नवीन नाही. प्रत्येकाला 10 चिंचोके दिले. टेबलावर घोडेस्वार मावळे मांडले, चार.

पहिली फेरी. संख्येबद्दल काहीच बोलायचं नाही. "एका मावळ्याचे किती चिंचोके द्याल?" बहुतेकांनी तीन-चार लिहिले.

दुसरी फेरी. फळ्यावर लिहिलं, 'फक्त 4 आहेत, पाच मिनिटांत बंद.' मावळे तेच, मुलं तीच. आता सात, आठ, दोघांनी तर दहाच्या दहा लिहिले. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या चौघांना मावळे दिले.

तिसरी फेरी. मी कपाटातून तसेच आणखी आठ मावळे काढले. वर्गात एकदम ओरडा, "मॅडम, हे चिटिंग आहे!" दहा चिंचोके दिलेल्या मुलीचा चेहरा पडला. आता भाव विचारला तर कुणी दोनच्या वर जाईना.

चौथी फेरी. रंगवलेला खडा ठेवला आणि लिहिलं, 'जगात फक्त 1.' एक चिंचोकासुद्धा देताना मुलं विचार करत होती. एक मुलगा म्हणाला, "एकच आहे, पण पाहिजे कुणाला?"

पाठाचा गाभा त्याच्या या वाक्यात आहे. नग कमी आहेत एवढ्यानं किंमत चढत नाही. नगांपेक्षा मागणारे जास्त असावे लागतात. आणि 'कमी' हा शब्द पुढेही खरा राहावा लागतो.

आवक आणि भाव

आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. आवक वाढली की भाव पडतो, हे ती घरात रोज ऐकतात. मूर्तीचे नग म्हणजे तिची आवक. पण डाळिंब खाल्लं की संपतं, राहिलं तर सडतं. मूर्ती तशीच राहते. आज घेतलेले 300 जण उद्या विकायला निघाले, तर जुन्याच मूर्तींची आवक पुन्हा बाजारात येते. त्यात कंपनीनं नवा रंग काढला तर आवक आणखी वाढते.

दुसरा फरक असा की, शेतकरी आवक ठरवू शकत नाही. मूर्ती काढणारा मात्र ती स्वतः ठरवतो.

कृती 2 : नग कमी तर किंमत जास्त का?

प्रत्येक वेळी ही लबाडी असते असं नाही, हेही मुलांना कळायला हवं. समजण्यासाठी आकडे काल्पनिक घेऊ. मूळ शिल्प आणि साचा करायचा खर्च 60,000 रुपये. पुढे प्रत्येक नगाला 800 रुपये.

100 नग : साच्याचे 600 + 800 = 1,400 रुपये
300 नग : 200 + 800 = 1,000 रुपये
600 नग : 100 + 800 = 900 रुपये
1,000 नग : 60 + 800 = 860 रुपये

साच्याचा खर्च कमी नगांत वाटला की प्रत्येकावर जास्त बोजा येतो. म्हणून छोट्या आवृत्तीची मूर्ती महाग असायला प्रामाणिक कारण असू शकतं. मुलांना इथे विचारा, 100 वरून 300 नग केले तर खर्च किती उतरला? 400 रुपये. 600 वरून 1,000 केले तर? फक्त 40 रुपये.

पाचवीसाठी पुढचं उदाहरण.

300 नग, प्रत्येकी 6,000 रुपये : विक्री 18,00,000
1,200 नग, प्रत्येकी 1,500 रुपये : विक्री 18,00,000

विक्री सारखीच! आता वरचाच खर्च वजा करू. पहिल्यात 3,00,000 खर्च, शिल्लक 15,00,000. दुसऱ्यात 10,20,000 खर्च, शिल्लक 7,80,000. विकणाऱ्याला 'फक्त 300' का आवडतं, ते मुलं आपोआप सांगतात. पण जोखीमही दाखवा. 6,000 देणारे 300 जण मिळाले तरच हे गणित जुळतं. शंभरच मिळाले तर उरलेल्या मूर्ती सवलतीत काढाव्या लागतात. मग आधी पूर्ण किंमत दिलेल्याला वाईट वाटतं.

जाता जाता, '212/500' हा अपूर्णांक नाही हे जरूर सांगा. माझ्या वर्गातल्या तिघांनी त्याला 'अर्ध्यापेक्षा कमी' म्हटलं होतं. तो पाचशेपैकी 212 वा नग, म्हणजे क्रमांक आहे.

जगात काय घडलं

रोदँ या फ्रेंच शिल्पकाराचं 'द थिंकर' हे शिल्प मुलांनी चित्रात पाहिलेलं असतं. एकाच साच्यातून ब्राँझचे अनेक नग ओतता येतात, मग 'मूळ' कोणता? फ्रान्समध्ये नियम आहे की एका शिल्पाचे जास्तीत जास्त 12 नगच मूळ मानायचे, 8 क्रमांकाचे आणि 4 कलाकाराच्या हक्काचे. तिथे संख्येला कायद्याचा आधार आहे. जाहिरातीतल्या 'लिमिटेड'मागे असं काही असेलच असं नाही. शिवाय 'द थिंकर' लहान-मोठ्या आकारांतही आहे. म्हणजे 'कशाचे इतके नग?' हा प्रश्न तिथेही येतोच.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या 'बीनी बेबीज' या छोट्या कापडी प्राण्यांचं. 1990 च्या दशकात कंपनी एकेक प्राणी 'आता बंद' म्हणून जाहीर करायची आणि लोक ते गुंतवणूक म्हणून साठवायचे. 1999 मध्ये तर वर्षअखेरीस सगळेच बंद होणार असं जाहीर झालं. पुढे लोकांचा कौल घेऊन ते सुरूच राहिले! ज्यांनी खोकी भरून ठेवली होती, त्यांतल्या बहुतेकांना नंतर मनासारखा भाव मिळाला नाही. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ राहत नाही.

तिसरं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. त्यांचं हातानं रंगवलेलं मूळ चित्र एकच, ते राजे-महाराजांच्या वाड्यात. छापलेली लक्ष्मी-सरस्वती मात्र स्वस्तात घरोघरी पोचली. प्रती पुष्कळ निघाल्या म्हणून देवघरातली लक्ष्मी कमी पवित्र झाली का? हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा तो गल्लेवाला मुलगा पहिल्यांदा गप्प बसून विचार करताना दिसला.

पालकांसाठी : पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

1. हा आकडा कशाचा? एका रंगाचा, एका आकाराचा, की या साच्यातून निघणाऱ्या सगळ्या मूर्तींचा?
2. संख्या आधी ठरली आहे, की जेवढी बुकिंग येईल तेवढी काढणार? दुसरं असेल तर ती फक्त मुदत आहे, मर्यादा नव्हे.
3. पुन्हा काढणार नाही, हे लेखी दिलंय का?
4. घरी येईपर्यंत एकूण खर्च किती? रेझिनची मूर्ती जड असते आणि तलवार, लगाम असे बारीक भाग वाटेत मोडतात. मोडली तर बदलून मिळेल का?
5. बैठकीखालचा आकडा खोडला, तरी ही मूर्ती याच किमतीला घ्याल का?

'नंतर दुप्पट किमतीला विकली जाईल' असं कुणी म्हणालं तर विकणाऱ्यानं मागितलेली किंमत बघू नका. प्रत्यक्षात विकल्याची किंमत विचारा. 15,000 मागितले म्हणजे 15,000 मिळाले असं नाही.

पुढे काय झालं

मुलानं बाबांच्या मोबाईलवरून पहिले तीन प्रश्न स्वतः विचारले. उत्तर आलं की 300 नग फक्त ब्राँझ रंगाचे, दुसरा रंग नंतर येणार, आणि मागणीमुळे बुकिंगची मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे. "आज रात्री संपणार होतं ना?" असं तोच बाबांना म्हणाला.

नंतर दोघं बारामतीला गेले आणि 900 रुपयांची, आकडा नसलेली अर्धप्रतिमा घेऊन आले. उरलेले 1,450 गल्ल्यात परत गेले. मोठी मूर्ती त्याला अजून हवीच आहे, तसं तो स्पष्ट सांगतो. त्यात चूक काही नाही. आवडली, परवडली आणि प्रश्नांची उत्तरं पटली तर 6,000 ची मूर्तीही घ्यावी. ती करणाऱ्या कलाकाराचंही त्यावर पोट असतं. फक्त 'संपत आलंय' या भीतीनं घेऊ नये.

स्वाध्याय

1. साच्याचा खर्च 40,000 आणि प्रत्येक नगाचा खर्च 500 रुपये असेल, तर 80 नग काढल्यास एक नग कितीला पडेल? 400 काढल्यास?
2. घरातल्या कोणत्याही एका वस्तूवरची 'मर्यादित साठा' किंवा 'फक्त आजच' अशी जाहिरात शोधा आणि विकणाऱ्याला विचारायचे दोन प्रश्न लिहा.
3. तुमच्या घरी अशी कोणती वस्तू आहे, जी बाजारात कितीही मिळत असली तरी तुम्ही विकणार नाही? का?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. आमच्याकडे आजीचा अडकित्ता, बैलाची घुंगरमाळ आणि एक 900 रुपयांची अर्धप्रतिमा आली होती.