कासीची वाइन आणि उन्हातली काच

"मादाम, मार्सान द्राक्षाची चव अशीच असते. भारतात तुम्हाला वाइनची सवय नसते ना!" दुकानदाराचं हे बोलणं अजून डोक्यात बसलंय. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, लहानपण द्राक्षबागेत गेलं, आणि आता कित्येक वर्षं मी लिओंला राहते. मला हा सवयीचे धडे देणार!

जुलैत ताई-भावोजी आले होते, म्हणून मार्सेयच्या एका दुकानातून कासी गावच्या पांढऱ्या वाइनच्या सहा बाटल्या घेतल्या. मार्सान आणि क्लेरेत ही तिची मुख्य द्राक्षं. 1936 साली फ्रान्समध्ये ज्या पहिल्यावहिल्या वाइनना कायद्याने नाव मिळालं, त्यांतली ही एक. काप कनायच्या कड्याखालचे मळे समुद्राला लागूनच आहेत, आणि माशांबरोबर ही वाइन फार छान लागते.

एका संध्याकाळी शेजारीणही जेवायला होती. तिने त्याच मळ्याची, त्याच सालची बाटली आणली होती, थेट मळ्याच्या तळघरातून घेतलेली. दोन्ही पेले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिची फिकट, हिरवट झाक असलेली. माझी मधासारखी पिवळी, वासाला कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदासारखी. माझ्या बाटलीचं बूच तोंडाच्या वर किंचित आलेलं होतं आणि वेष्टणाखाली चिकट ओघळ सुकला होता. त्या दुकानातली दर्शनी काच, तिच्यातून थेट आत येणारं ऊन आणि त्यात मांडलेल्या बाटल्या, सगळं लख्ख आठवलं. जुनी मार्सान सोनेरी होते हे मलाही माहीत आहे. पण ही आदल्याच वर्षीची होती!

मी फोडलेली बाटली, न फोडलेल्या पाच आणि पावती घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने पेल्यात ओतूनसुद्धा पाहिलं नाही. वर रोझेची एक बाटली देऊ केली, उपकार केल्यासारखी.

म्हणून सांगते. वाइन खराब निघाली तर ओतून टाकू नका, बूच लावून उरलेली तशीच परत न्या. बूच वर आलेलं किंवा ओघळ दिसला तर बाटली घेऊच नका. काचेत मांडलेली नको, आतली द्या, असं स्पष्ट सांगा. रंगहीन काचेतली वाइन उजेडानेही लवकर बिघडते. शक्य असेल तर मळ्यावरच जाऊन चाखून घ्या. आणि पावती जपा, हे काय वेगळं सांगायला हवं!

दुकानदार अडला तर वाद घालत बसू नका, नोंदणीकृत पत्र पाठवा. फ्रान्सच्या नागरी संहितेच्या कलम 1641 खाली छुप्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर असते आणि दोष कळल्यापासून 2 वर्षं दावा करता येतो. ग्राहक-मध्यस्थाचं नाव देणंही त्याला बंधनकारक आहे. चौदा दिवसांत माल परत करण्याची सोय मात्र ऑनलाइन खरेदीला आहे, दुकानातल्या खरेदीला नाही. तो मला तेच ऐकवत होता, जणू मी तेवढ्यावरच भांडायला आले होते.

पत्रानंतर सहाही बाटल्यांचे पैसे खात्यात जमा झाले. दिलगिरीचा एक शब्द आला नाही.