केदारनाथला निघालात? आधी एक मुक्काम वाढवा

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ६४. "डॉक्टर, केदारनाथला जायचंय. यात्रा कंपनीनं तब्येतीचा दाखला मागितलाय. तेवढी सही करा की." रक्तदाब तपासण्याआधी मी त्यांच्याकडे सहलीचे छापील पत्रक मागितले. त्यांना नवल वाटले. पण हिमालयात माणूस आजारी पडणार की नाही हे जितके त्याच्या छातीवर अवलंबून असते, तितकेच त्या पत्रकावरही असते. हे मी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आज वाचकांना सांगतो.

२०१७ साली मी, माझे थोरले बंधू, वहिनी आणि गल्लीतली मंडळी असे बावीसजण केदारनाथला गेलो. हरिद्वारहून निघून पहिला मुक्काम गुप्तकाशीला. दुसऱ्या दिवशी पहाटे गौरीकुंड आणि तिथून चढण. सायंकाळी सगळे वर पोहोचलो. दादांचे डोके दुखत होते, जेवण नको म्हणाले, एक उलटी झाली. "पित्त झालंय रे, उपाशी चाललो ना," असे त्यांनीच सांगून टाकले आणि मी डॉक्टर असूनही पित्ताची गोळी देऊन झोपलो. रात्री दोनच्या सुमारास वहिनींनी हाक मारली. दादा लघवीला उठले होते आणि दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात होते. बोलणेही असंबद्ध. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वैद्यकीय मदत केंद्रात त्यांना ऑक्सिजन आणि इंजेक्शन दिले आणि उजाडताच दंडीत बसवून खाली आणले. गौरीकुंड येईपर्यंत दादा नीट बोलू लागले. नंतर कबूल केले, "डोकं दुपारपासूनच ठणकत होतं. पण माझ्यापायी बावीस माणसं खोळंबायला नकोत म्हणून बोललो नाही."

असे का होते? आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. केदारनाथचे मंदिर ३५८३ मीटरवर, म्हणजे जवळजवळ पावणेबारा हजार फुटांवर आहे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही आपल्या गावाइतकेच, सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर याला तोंड देऊ शकते. श्वास वाढतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातला समतोल सावरतात. मात्र या कामाला एक-दोन दिवस लागतात. ते मिळाले नाहीत तर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, थकवा, झोप न येणे अशी लक्षणे दिसतात. दुर्लक्ष केले तर काहींच्या मेंदूला सूज येते, काहींच्या फुप्फुसात पाणी साठते. दोन्हींत जीव जाऊ शकतो.

हा त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारा तरुणही आडवा होतो, कारण तो भराभर चढतो.

म्हणून पत्रक असे वाचावे. आमची चूक पाहा. हरिद्वार सुमारे ३०० मीटरवर, गुप्तकाशी १३०० वर, गौरीकुंड जवळपास २००० वर. आम्ही गुप्तकाशीला झोपलो आणि पुढची रात्र थेट ३५८३ वर काढली. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर! त्याऐवजी गुप्तकाशीला दोन रात्री काढाव्यात. तिसरी रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला. जून २०१३ च्या महापुरात जुनी १४ किलोमीटरची वाट वाहून गेली. आताची वाट त्याहून लांब, सुमारे १६ किलोमीटरची आहे. तेव्हा भीमबली किंवा लिनचोली येथे राहण्याची सोय होत असेल तर चढण दोन दिवसांत वाटून घ्यावी. चारही धाम करणाऱ्यांनी यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हा परंपरेचा क्रम सोडू नये. पहिल्या दोन धामांच्या वाटेवर शरीराला उंचीची थोडी सवय होते.

हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी जास्त जपावे. त्याने पाय वाचतात, पण शरीराला सवयीसाठी मिळणारे तासही जातात. अशांनी दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावे, वर झोपू नये.

निघण्याआधी काय करावे? महिना-दीड महिना आधीपासून रोज पाच किलोमीटर चाला. गावाजवळ टेकडी असेल तर आठवड्यातून दोनदा चढा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी महिनाभर आधी तपासणी करावी, आदल्या दिवशी नव्हे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, थोड्या श्रमाने छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, फुप्फुसाचा जुना गंभीर आजार, तीव्र रक्तक्षय, गरोदरपण यांपैकी काही असेल तर हा बेत करू नये. २०२२ च्या हंगामात पहिल्या महिनाभरातच चारधाम मार्गावर शंभराच्या वर यात्रेकरू दगावले. त्यांतील बहुतेकांचे मृत्यू हृदयविकारासारख्या कारणांनी झाल्याचे सांगण्यात आले.

नेहमीची औषधे दुप्पट घ्या आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. इन्सुलिन गोठले की निकामी होते, ते अंगाजवळ, आतल्या कपड्यात ठेवा. दर्शनापर्यंत कडक उपवास करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मधुमेह्यांनी चढणीच्या दिवशी तो करू नये, साखर एकाएकी उतरते. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य, कारण त्यांनी रात्रीचा श्वास मंदावतो. असिटाझोलामाइडची गोळी उंचीच्या त्रासाला आळा घालते, ती चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण ती सर्वांना चालत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसे डॉक्टरांना जरूर सांगा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

कापराची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. वास घेऊन बरे वाटते, इतकेच. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा सोबती आहे. त्याच्या जोरावर वर चढत राहू नये.

आता तीन नियम. ते सोबतच्या सर्वांना पाठ करायला लावा.

पहिला : उंचीवर डोके दुखले आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा थकवा असेल तर ते पित्त नव्हे, उंचीचाच त्रास समजा.

दुसरा : त्रास सुरू झाला की आणखी वर जाऊ नका. तिथेच थांबा, विश्रांती घ्या.

तिसरा : त्रास वाढत गेला, तोल जाऊ लागला, बोलणे बरळल्यासारखे झाले, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला किंवा ओठ निळसर दिसले तर ताबडतोब खाली उतरवा. सकाळचे दर्शन होऊ दे, मग बघू, असे म्हणू नका. शंका असेल तर त्याला टाचेला बोटे लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. जमले नाही तर तो माणूस एकटा सोडण्याजोगा नाही.

आणि घोळक्यातल्या धडधाकट मंडळींनो, रोज रात्री प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, "डोकं दुखतंय का?" विचारल्याशिवाय आपली माणसे सांगत नाहीत, म्हातारी माणसे तर नाहीच नाहीत.

दादांना त्या वर्षी दर्शन झाले नाही. दंडीतून उतरताना त्यांनी मागे वळून शिखराला हात जोडले. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, या वेळी तीन मुक्काम जास्त करून. निवांत दर्शन घेऊन आले.

शिक्षकांच्या पत्रकात गुप्तकाशीला एकच रात्र होती. तब्येत ठीक होती, तरी मी सही केली नाही. "एक मुक्काम वाढवून आणा, मग करतो," म्हटले. परवा ते सुधारलेले पत्रक घेऊन आले आणि मी आनंदाने सही केली.