बेटावरचा संसार आणि जुनी मोटार

नागपूरच्या इतवारीत ज्याचे बालपण आणि तारुण्य गेले, त्याला भावाची चिंता करण्याची सवय असते, टंचाईची नसते. किराणा ओळीतल्या एका दुकानी तूरडाळीचा भाव पटला नाही तर चार पावलांवर दुसरे दुकान असते. तेथेही जमले नाही तर कळमन्याच्या बाजार समितीत माल उतरतच असतो. आणि चारी दिशांचे लोहमार्ग ज्या शहरात येऊन मिळतात, तेथे नित्याचा एखादा जिन्नस आठवडाभर दृष्टीसही पडू नये, ही कल्पना आम्हां इतवारीकरांच्या मनास शिवत नाही. अशा ठोक बाजाराच्या कुशीत वाढलेला मनुष्य बदलीचा हुकूम घेऊन पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे) संसार मांडावयास जातो, तेव्हा त्याला आपल्या जमाखर्चाची सगळी कोष्टके नव्याने आखावी लागतात. मी तेथे नोकरीची काही वर्षे काढून परत इतवारीत आलो आहे. आमच्या वस्तीतली दोन-तीन मुले आता त्याच वाटेने निघाली आहेत, आणि ‘काका, तिकडे खर्च किती येतो, गाडी घ्यावी की इथूनच न्यावी?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मराठी माणसाची अंदमानशी ओळख बहुधा सेल्युलर जेलच्या द्वारे होते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या कारागृहात, जेथे १९११ साली सावरकरांना आणण्यात आले, माथा टेकवून, दोन सुंदर किनारे पाहून चार दिवसांत परतणाऱ्या यात्रेकरूला बेटाची महागाई भासते ती हॉटेलच्या बिलापुरती. त्याच गावात बिऱ्हाड करणाऱ्याला मात्र प्रत्येक वस्तूच्या मागे एक जहाज उभे दिसू लागते. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणम येथून सुमारे बाराशे किलोमीटरचा समुद्र ओलांडून, दोन-अडीच ते तीन दिवसांच्या प्रवासानंतर जो माल धक्क्यावर उतरतो, त्यात कांदे-बटाटे, सिमेंट, औषधे, शाळेची पुस्तके, गॅसचे सिलिंडर असे सर्व काही असते. पावसाळ्याच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाची चिन्हे दिसली आणि जहाज बंदरातच थांबवून ठेवले, की अ‍ॅबर्डीन बाजारातला भाजीवाला टोमॅटोचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा सांगतो. त्या वेळी त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, कारण त्याच्याही टोपलीत जे आहे तेवढेच त्या गावात आहे. घासाघीस करून भाव पाडण्याचे जे कौशल्य आम्ही इतवारीत पिढ्यान्‌पिढ्या कमावले, ते येथे फारसे कामास येत नाही. जहाज येण्याचा दिवस ठाऊक असणे हे त्याहून अधिक उपयोगाचे ठरते.

म्हणून जाणाऱ्याने आपल्या जिभेच्या सवयी प्रथम तपासाव्यात. मासे, नारळ, केळी, पपई हे तेथले आहे आणि मुबलक आहे. त्यावर ज्याचा संसार चालतो त्याला बेट महाग वाटत नाही. ज्याला ज्वारीची भाकरी, वऱ्हाडी तूर, सावजी मसाला आणि हिवाळ्यात संत्री यांवाचून चैन पडत नाही, त्याने एक तर सुटीतून परतताना ट्रंकेचा अर्धा भाग या जिनसांसाठी राखून ठेवावा, नाही तर दरमहा वाण्याच्या बिलात निदान दीडपटीची तरतूद धरावी. हे प्रमाण माझ्या घरच्या वहीवरून सांगतो आहे. दुसऱ्याच्या घरी ते कमी-अधिक निघेल. पत्नीने पहिल्याच पावसाळ्यात पाहिले की साठवलेले पीठ पंधरवड्यात जाळे धरते आणि कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात. तेव्हा नागपूरच्या पद्धतीने वर्षाचे धान्य भरून ठेवण्याचा विचार तेथे मनात आणू नये.

घरभाड्याबाबत एक प्रश्न सर्वांआधी विचारावा, आणि तो खोल्यांच्या संख्येचा नव्हे: नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि घराला टाकी केवढी आहे? वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे नागपूरच्या अडीचपट, ज्या भूमीवर पडतो तेथे पाण्याचा तोटा असावा हे नवख्याला खरे वाटत नाही. परंतु डोंगराळ जमिनीवरून ते पाणी लागलीच समुद्रास मिळते, शहराची भिस्त मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर आहे, आणि फेब्रुवारीपासून मे महिन्यात पाऊस सुरू होईपर्यंत पुरवठा दिवसांआड, कधी त्याहूनही विरळ होतो. टँकरचे पैसे वेगळे. गाराचर्मा किंवा बाथू बस्तीकडे भाडे कमी पडते हे खरे. पण तेथून कचेरीपर्यंतचे अंतर, चढउतार आणि पाऊस ध्यानात घेता वाहनावाचून गत्यंतर राहत नाही. वीज बहुतांशी डिझेलच्या जनित्रांवर निर्माण होते, तरी ग्राहकास ती सवलतीच्या दराने मिळते. तेव्हा बिलाची धास्ती नको, इन्व्हर्टर मात्र हवा. आणखी एक तरतूद अवश्य करावी. जी. बी. पंत रुग्णालय हे तेथले मोठे सरकारी इस्पितळ, परंतु दुखणे जोखमीचे असले की डॉक्टर मेनलँडला (उर्वरित हिंदुस्थानला तेथे सारे याच नावाने ओळखतात) नेण्यास सांगतात. आणि ऐन हंगामातली चेन्नईची विमानाची तिकिटे ऐनवेळी काढावयाची तर पगाराचा मोठा लचका तुटतो. दोघांच्या तिकिटांची रक्कम निराळ्या खात्यात ठेवून तिला हात लावू नये, असे मी प्रत्येकास आग्रहाने सांगतो.

आता मोटारीकडे वळतो. पेट्रोल तेथे नागपूरपेक्षा लिटरमागे वीस रुपयांहून अधिक स्वस्त आहे, कारण त्यावरील मूल्यवर्धित कर नाममात्र ठेवला आहे. हे ऐकून नवा मनुष्य हर्षित होतो आणि गाडी बाळगणे स्वस्त आहे असे अनुमान काढतो. परंतु ज्या मोटारीचा एखादा सुटा भाग गावात शिल्लक नाही, ती तो भाग जहाजाने येईपर्यंत दारात उभी राहते; विमानाने मागवला तर त्याच्या किमतीइतकेच भाडे कधी कधी पडते. यास्तव मोटार कोणत्या कंपनीची घ्यावी याचा निर्णय आपल्या आवडीवर सोपवू नये. गावातील टॅक्सीवाले कोणती गाडी हाकतात ते पाहावे, कारण तिचेच भाग दुकानात असतात आणि तिचेच दुखणे मेकॅनिकास अवगत असते.

नागपूरच्या उन्हाने गाडीचा रंग विटतो, रबर तडकते, बॅटरी दोन उन्हाळ्यांत जीव टाकते. पण लोखंड शाबूत राहते, आणि दहा वर्षांची गाडीही खालून कोरडी ठणठणीत असते. म्हणून आम्ही जुनी गाडी पाहताना इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मीटरवरचे किलोमीटर वाचतो. दक्षिण अंदमानात किलोमीटरचा आकडा जवळजवळ निरर्थक आहे. जेथे वंडूर वा चिडियाटापू हा लांबचा प्रवास मानला जातो, तेथे सात वर्षांची गाडीही अत्यल्प चाललेली दिसणारच. आणि उभी राहिलेली गाडी खाऱ्या हवेत धावत्या गाडीपेक्षा लवकर कुजते. हवेतले मीठ पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसते, तेथे ओलावा धरून ठेवते आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरचा रंग शेवटपर्यंत तुकतुकीत राहू शकतो.

मला दाखवण्यात आलेली पहिली गाडी अशीच होती. पांढरी, स्वच्छ, आत नवी सीटकव्हरे, आणि खाली नुकताच दिलेला काळा लेप. माझ्यासोबत आलेल्या वयस्क तमिळ मेकॅनिकाने इंजिन सुरूही केले नाही. त्याने डाव्या सीटखालची चटई उचलली, तिच्या खालच्या फोमवर तळहात दाबला आणि ओला झालेला हात मला दाखवला. मग तो जमिनीवर आडवा झाला, दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर, जेथे जॅक लावतात तेथे, पेचकसाचे टोक टेकवले, आणि फारसा जोर न देता ते आत गेले. काळ्या लेपाची पापडी निघाली, तिच्यामागे तांबूस भुगा गळला. गाडीवाल्याने तो भाग दोनशे रुपयांत वेल्ड करून मिळतो असे सांगितले. मेकॅनिक काहीच बोलला नाही. हात पुसून त्याने मला चलण्याची खूण केली. वाटेत त्याने जे सांगितले ते मी पुढे पाळले आणि आजही सांगतो: ताजा काळा लेप दिसला की तो का दिला ते विचारावे, फडक्यात गुंडाळलेले चुंबक दरवाज्यांच्या खालच्या कडांवर फिरवावे, जेथे ते चिकटत नाही तेथे पुट्टी भरली आहे असे समजावे, स्टेपनीचे चाक उचलून तिच्या खोबणीत पाणी साचल्याच्या खुणा पाहाव्यात, ब्रेकच्या नळ्या बोटाने चाचपाव्यात, कारण पत्रा कुजला तर पैसा जातो, ब्रेकची नळी कुजली तर जीव जातो. शहर चढउतारांचे असल्याने क्लच लवकर झिजतो. तेव्हा गाडी चढावर थांबवून पुन्हा चालू करून पाहावी. गाडी घेतल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने वरचेवर धुवावी लागते. पावसाळ्यात ते काम आपोआप होते. परंतु उन्हाळ्यात, जेव्हा घरात पाणी मोजून वापरावे लागते, तेव्हा मोटारीसाठी दोन बादल्या काढणे जड जाते आणि ते टाळले जाते. घराची टाकी मोठी पाहावी असे मी वर म्हटले, त्याचे हेही एक कारण आहे.

कागदपत्रांचा विषय याहून गंभीर आहे. बेटावर जुन्या गाड्या विकणारे पुष्कळसे लोक बदलीवर निघालेले असतात. २००१ साली अंदमान-निकोबार कमांड स्थापन झाले, आणि सैन्यदले, केंद्र सरकारची खाती व बँका यांतील माणसे दर दोन-तीन वर्षांनी येतात आणि जातात. विकणाऱ्यास घाई असते, त्यामुळे भाव चांगला मिळतो. परंतु तो एकदा विमानात बसला, की सहीसाठी त्याच्यामागे हजार-दीड हजार किलोमीटर धावावे लागते. मी घेतलेल्या गाडीच्या आरसी बुकावर मेनलँडच्या एका बँकेचा बोजा होता. कर्ज पूर्ण फिटले होते, त्याची पावतीही होती; पण फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला यांवाचून आरटीओ बोजा उतरवीत नाही, आणि त्या शाखेने आठ दिवसांत म्हणून कबूल केलेला दाखला पाऊस संपला तरी पाठवला नाही. इसार देताना मी इतवारीच्या रिवाजाप्रमाणे एक शर्त लिहून घेतली होती, की किमतीचा तिसरा हिस्सा गाडी माझ्या नावावर चढल्यावरच मिळेल. ती रक्कम माझ्याकडे होती म्हणून विकणारे गृहस्थ विशाखापट्टणमहून त्या शाखेत दर आठवड्याला तगादा लावीत राहिले, आणि अखेर दाखला आला.

माझ्या एका सहकाऱ्याने सगळी रक्कम रोख देऊन, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन, ते कागद कपाटात ठेवले. पुढे त्याच्या गाडीची धडक एका स्कूटरवाल्यास बसली, आणि नुकसानभरपाईची नोटीस गेली ती गाडी विकून कधीच निघून गेलेल्या मूळ मालकाला. कायद्याच्या दृष्टीने ते यथायोग्य होते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे, की नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग गाडी किती का हातांतून गेलेली असेना. दोन भल्या माणसांमधला स्नेह त्या एका नोटिशीने संपला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने, गाडी त्याच राज्यात वा प्रदेशात नोंदलेली असल्यास, चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची खबर द्यावयाची असते. विम्याच्या पॉलिसीवर नाव चढवण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो, नाही तर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई वादात सापडते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तेव्हा पहिल्या वर्षी हप्ता वाढेल हे गृहीत धरावे. चासीवर कोरलेला क्रमांक कागदावर पेन्सिलीने घासून घ्यावा आणि आरसीशी अक्षरशः ताडून पाहावा. गंजलेल्या गाडीत तो वाचता येत नसेल तर सौदा तेथेच सोडावा.

नागपूरची गाडीच नेण्याचा विचार असल्यास चेन्नईपर्यंतचा रस्ता, तेथून मालवाहू जहाजाचे भाडे, नागपूरच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवावयाची तर नव्याने नोंदणी, एवढे सगळे जमेस धरून पाहावे. गाडी नवी आणि मुक्काम दीर्घ असेल तरच तो व्यवहार पटतो. दोन वर्षांसाठी जाणाऱ्याने तेथलीच घ्यावी आणि तेथेच विकावी.

विकण्याची तयारी बदलीच्या हुकुमाची वाट न पाहता करावी. गॅरेजच्या पावत्या, धुण्या-रंगवण्याच्या नोंदी, विम्याचे कागद एका फाइलीत असले, तर येणारा नवा माणूस अधिक किंमत आनंदाने देतो. निघण्याच्या निदान महिनाभर आधी घेणाऱ्यास सोबत घेऊन आरटीओत जावे, गाडी त्याच्या नावे झाल्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, आणि फॉर्म २९ ची पोच दिल्याचा शिक्का असलेली प्रत सामानात न टाकता विमानाच्या तिकिटाबरोबर हातपिशवीत ठेवावी.