गोळी हेही औषधच, बाई!

अगं, डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" की आपण 'नाही' म्हणून मोकळ्या होतो. माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट पर्सच्या चोरकप्प्यात असतं, पण ते औषधात धरायचंच नाही असं जणू ठरलेलं! त्यात सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तर बघायलाच नको. पीसीओडीसाठी याच जातीच्या गोळ्या घेणाऱ्या कॉलेजच्या मुलींचंही तेच.

माला-डी घे नाहीतर सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन. 28 पैकी 21 गोळ्यांत दोन हार्मोन असतात, उरलेल्या 7 लोहाच्या. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. मग रक्तवाहिन्या आकसतात, अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. बहुतेकींचं जेमतेम चढतं, पण काहींचं 140/90 च्या पुढे जातं आणि बऱ्याचदा त्यांना पत्ताही लागत नाही. डोकं दुखेल तेव्हा बघू, म्हणून थांबू नकोस.

गोळी सुरू करण्याआधी बीपी मोज, तीन महिन्यांनी पुन्हा, नंतर वर्षातून एकदा तरी. जिना चढून धापा टाकत गेल्या गेल्या हात पुढे करू नकोस. आधी लघवीला जाऊन ये, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस, बाही मोकळी कर. अर्धा तास आधी चहाही नको.

आकडा 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर ही गोळी सहसा देत नाहीत. 160/100 ला तर नाहीच नाही. पस्तिशी उलटली असेल आणि सिगारेट ओढत असशील, तरीही नको. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, अर्धशिशी आहे का, हेही न विचारता सांगून टाक.

बीपी वाढलंच तर घाबरू नकोस. गोळी थांबवली की ते बहुधा काही महिन्यांत उतरतं. पण परस्पर बंद करून बसलीस तर दिवस जायचे! दुसरी सोय आधी ठरव. तांबी आहे, छाया नावाची गोळी आहे; या गोळीत हार्मोन नाही आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच घ्यायची. आणि निरोधने कुणाचंच बीपी वाढत नाही, हेही जरा नवरोबांच्या कानावर घाल.