कृष्णधवल चित्रातील एकच रंग

संपूर्ण छायाचित्र कृष्णधवल आहे, परंतु त्यातील एकच वस्तू आपल्या मूळ रंगात झळकत आहे, असे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ही कल्पना नवी नाही. इ. स. १९२५ मध्ये सर्गेई आयझेनस्टाइन यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या मूकपटात युद्धनौकेवरील निशाण फिल्मवर हाताने तांबडे रंगविले. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटत असे. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी निशाण पांढरे ठेवले होते. पुढे १९६३ मध्ये अकिरा कुरोसावा यांनी ‘हाय अँड लो’ या जपानी चित्रपटात धुराड्यातून निघणारा धूर गुलाबी दाखविला, आणि १९९३ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये एका बालिकेचा कोट तांबडा राखला. जे काम पूर्वी कुंचल्याने होत असे, ते आज संगणकावर अंकगणिताने होते. ते गणित कसे चालते, हे आपण या पाठात पाहू.

अंकीय छायाचित्र हे असंख्य सूक्ष्म चित्रबिंदूंचे बनलेले असते. यांनाच पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण चित्रात प्रत्येक बिंदूसाठी तीन संख्या नोंदलेल्या असतात. त्या अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा या प्रकाशांचे प्रमाण दर्शवितात. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. तिन्ही संख्या समान असल्या की बिंदू करडा दिसतो. तिन्ही ० असल्यास काळा आणि तिन्ही २५५ असल्यास पांढरा.

आता समजा, मेंदीच्या हिरव्या कुंपणापुढे पोस्टाची तांबडी पेटी उभी आहे. पेटीवरील एका बिंदूच्या संख्या २००, ३० व ४० आहेत. यांचे करड्यात रूपांतर करताना साधी सरासरी घेत नाहीत. कारण आपल्या डोळ्यांना हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो आणि निळा सर्वांत मंद. म्हणून एका प्रचलित पद्धतीत तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ व निळ्याला ०.११४ असे भार देतात. त्यांची बेरीज १ होते. गुणाकार केल्यास ५९.८०, १७.६१ व ४.५६ या संख्या मिळतात. त्यांची बेरीज ८१.९७, म्हणजे जवळजवळ ८२.

कुंपणावरील एका पानाच्या संख्या ३०, ११३ व ५५ आहेत असे धरून वाचकांनी हेच गणित करून पाहावे. उत्तर ८१.५७, म्हणजे पुन्हा ८२ च येते! रंगीत चित्रात एकमेकांहून इतकी वेगळी दिसणारी पेटी व पाने कृष्णधवल चित्रात एकाच करड्या छटेत मिसळून जातात. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, रंग राखल्याने वस्तू उठून का दिसते. दुसरी त्याहून महत्त्वाची आहे: एकदा ८२ ही संख्या तेवढी उरली, की ती तांबड्यातून आली की हिरव्यातून, हे तिच्यावरून सांगता येत नाही. गेलेला रंग परत मिळत नाही. म्हणून मूळ छायाचित्र नेहमी जपून ठेवावे आणि त्याच्या प्रतीवरच काम करावे.

कृती अशी आहे. ‘गिंप’ यासारख्या विनामूल्य कार्यक्रमात चित्र उघडून त्याच्या थराची दुसरी प्रत करावी. वरचा थर करडा करावा. खालचा रंगीतच ठेवावा. मग वरच्या थरास पांढरा मुखवटा जोडून पेटीच्या जागी त्यावर काळा रंग द्यावा. मुखवटा जेथे काळा, तेथे वरचा थर पारदर्शक होतो आणि खालची तांबडी पेटी दिसू लागते. चूक झाल्यास पांढऱ्या रंगाने ती दुरुस्त करता येते, कारण चित्र पुसलेले नसून केवळ झाकलेले असते.

कडेशी मात्र सावधगिरी हवी. कड एकदम तोडल्यास वस्तू कात्रीने कापून चिकटविल्यासारखी दिसते. म्हणून कडेवर मुखवटा करडा ठेवतात. तो नेमका मध्यम असेल, तर रंगीत व करडा यांचा निम्मा-निम्मा अंश घेतला जातो. आपल्या बिंदूसाठी हे उत्तर १४१, ५६ व ६१ येते; म्हणजे फिका तांबडा.

संगणकाला रंगावरूनही वस्तू निवडता येते. रंगचक्रावर तांबडा ० अंशांवर, हिरवा १२० व निळा २४० अंशांवर मानतात. सावलीत पेटीच्या संख्या १००, १५ व २० झाल्या, तरी त्यांचे परस्परप्रमाण तेच राहिल्याने रंगचक्रावरील स्थान बदलत नाही. परंतु जवळून जाणाऱ्या माणसाचे तांबडे पागोटेही त्याच रंगाचे असेल, तर तेही रंगीत उरेल. हवी असलेली वस्तू कोणती, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते.

आणि येथेच विवेकाचा प्रश्न येतो. एक रंग राखणे म्हणजे पाहणाऱ्याची नजर एका ठिकाणी खेचणे होय. कलाकृतीत हा गुण आहे. परंतु वृत्तपत्रातील, न्यायालयातील वा प्रयोगशाळेतील छायाचित्र हा पुरावा असतो. तेथे असा बदल पाहणाऱ्याचे मत आधीच वळवू शकतो. अशा चित्राखाली केलेला फेरफार स्पष्ट लिहावा आणि मूळ चित्र सोबत ठेवावे.

अभ्यास: तांबडे फूल व हिरवी पाने असलेले एक छायाचित्र घ्या. ते करडे करून फूल किती ओळखू येते ते पाहा. नंतर फुलाचा रंग राखा, आणि दोन्ही चित्रांत प्रथम नजर कोठे जाते, हे आपल्या सोबत्यांना विचारून नोंदवा.