प्लास्टर निघालं म्हणजे झालं नाही

चि. ओंकार,

काल ओपीडीच्या गर्दीत फोनवर नीट बोलता आलं नाही. सायकलवरून पडलेला बारा वर्षांचा मुलगा, मनगट सुजलेलं, एक्स-रे साफ. म्हणून 'मुरगळलंय' सांगून क्रेप बँडेज बांधलंस. त्याला उद्याच परत बोलाव. या वयात लिगामेंट ग्रोथ प्लेटपेक्षा चिवट असतं. तुझं-माझं मनगट जिथे मुरगळेल, तिथे मुलाची प्लेट सरकते. ती कूर्चेची, त्यामुळे फोटोत नुसती काळी रेघ दिसते. तिच्यावर नेमकं बोट ठेवून दाब. तिथेच कळवळला तर फोटो काहीही म्हणो, फ्रॅक्चर समजून प्लास्टर घाल.

साल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या दोघांनी १९६३ साली सांगितलेले प्लेटच्या इजेचे पाच प्रकार तुला पाठ असतीलच. हाड बसवताना भूल पुरती दे, आणि जोर न लावता एकदाच, फार तर दोनदा. चोळून-बिळून आठवडाभराने आलेला पहिला-दुसरा प्रकार ओढत बसू नकोस, प्लेट खरवडली जाते. थोडा बाक वाढीबरोबर भरून निघतो. तिसऱ्या-चौथ्यात फट सांध्यात उतरते, तिथे मात्र पायरी ठेवायची नाही. तार प्लेटमधून घालावीच लागली तर गुळगुळीत, आट्यांची नको.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. मांडीचं हाड, गुडघ्याजवळ. सहा आठवड्यांनी फोटो सुरेख, आईने पेढे आणले, मी म्हटलं, आता यायला नको. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ तिथूनच होते, हे मला पाठ होतं बरं का! दोन वर्षांनी ती टाच उचलून चालत आली. शाळेच्या सलवारीचा एक पाय आईने आत दुमडून शिवला होता.

मी बोलावत राहिलो असतो तर फोटोत हॅरिसची पांढरी रेषा दिसली असती (हा हॅरिस वेगळा). ती प्लेटला समांतर राहून दूर सरकत गेली तर वाढ चालू आहे. तिरकी होऊन प्लेटला टेकली तर तिथे हाडाचा पूल झाला. पूल लहान असेल आणि वाढीची दोनेक वर्षं शिल्लक असतील, तर तो कोरून जागी चरबी भरता येते. उशीर झाला की मग हाडं कापणं आलं.

तेव्हा प्लास्टर काढशील त्याच दिवशी सहा महिन्यांनंतरची तारीख फाईलवर लिही, आणि वर्षानंतरचीही. आईचा मोबाइल नंबर घे. वडिलांचा बहुधा लागत नाही.

मनगटवाला आला की फोन कर. दोननंतर मी मोकळा असतो.

तुझा,
काका